पहिल्या पंगतीला

"मीठ कुठे?" कुसुमकाकूंनी विचारलं.

"वर, मध्यावर."

"लिंबू?"

"मिठाच्या डावीकडे. मग चटणी, कोशिंबीर, लोणचं. उजवीकडे भाजी आणि आमटीची वाटी. भात मधे, जेवणाऱ्याच्या पुढ्यात."

"आणि पानाचं टोक?"

"डाव्या हाताला," जुई म्हणाली आणि श्वास घ्यायला थांबली.

काकूंनी फळ्यावर खडूने केळीचं भलंमोठं पान काढलं होतं. त्या एकेका जागेवर पट्टी ठेवत होत्या आणि माझी तेरा वर्षांची लेक धडाधड उत्तरं देत होती. मागच्या बाकावर बसून मी नुसती फुलले होते. स्वीडनमध्ये जन्मलेली, बर्फात वाढलेली पोर, आणि लिंबाची फोड कुठे वाढायची हे तिला पाठ.

गोथेनबर्गमधली आमची मराठी शाळा म्हणजे एका चर्चच्या सभागृहामागची खोली. दर शनिवारी ती आम्हाला भाड्याने मिळायची आणि मी तिथे मुलांना शिकवायचे. गणपती दोन आठवड्यांवर आले होते, म्हणून त्या दिवशी बाराखडीला सुट्टी होती आणि काकू मुलांना पंगत शिकवायला आल्या होत्या. कुसुमकाकू दांडेकर आमच्या सगळ्यांच्या कितीतरी आधी, सत्तरच्या दशकात, नवऱ्याबरोबर, म्हणजे अण्णांबरोबर, या गावात आल्या. मंडळाचा गणपती त्यांनी सुरू केला आणि गणपतीच्या दिवशीची पंगतही त्यांनीच. जमिनीवर बसून, केळीच्या पानावर, अगदी घरच्यासारखी. पानं थाई दुकानातून गोठवलेली यायची, पण ती मांडायची रीत काकूंची होती आणि त्यांच्यापुढे कोणाची टाप नव्हती.

"छान. आता मुली इकडे या," काकू म्हणाल्या. "एकेकीने एकेक भांडं उचला. मुलगे तिकडे रांगेत बसा. मांडी घालता येते का रे तुम्हाला?"

मुलगे धपाधप खाली बसले. शार्दूल देवस्थळी, मंडळाच्या अध्यक्षांचा मुलगा, त्याला मांडी काही जमेना. तो पाय लांब करून भिंतीला टेकला. जुई डाळीने भरलेलं पातेलं घेऊन त्याच्यासमोर उभी राहिली.

"आजी, मुलगे कधी वाढणार?"

"कोण, हे?" काकू हसल्या. "यांना नीट खायला शिकवलं तरी पुष्कळ झालं."

सगळे हसले. मीही हसले. जुईने पातेलं टेबलावर ठेवलं, कोट चढवला आणि दाराशी जाऊन बसली ती वर्ग संपेपर्यंत उठली नाही.

परतताना ट्रॅममध्ये ती खिडकीतून बाहेर बघत होती. दोन थांबे गेल्यावर म्हणाली, "आई, मी गणपतीला येणार नाही."

"का गं?"

"आणि मराठी शाळेतही येणार नाही. शनिवारी मी हँडबॉलला जाईन."

"आजी गमतीने बोलल्या, जुई."

"मला माहितीये. पण शार्दूल रोजच्या शाळेत माझ्याच वर्गात आहे ना, तिथे जेवण झालं की टेबलं पुसायची पाळी त्याचीही असते आणि माझीही. तो चांगली पुसतो. मग मंडळात आल्यावर त्याला काहीच येत नाही असं सगळे का समजतात?"

मी तिच्या मांडीवरची पिशवी माझ्याकडे घेतली.

"मला सगळं येतं म्हणून मी काम करायचं," ती म्हणाली. "मग मी शिकलेच नसते तर बरं झालं असतं."

हे मात्र मला फार लागलं. एवढी वर्षं मी तिला दटावून, चुचकारून, कधी आइस्क्रीमची लाच देऊन अक्षरं गिरवायला लावली होती. ती माझ्या आईशी फोनवर मराठीत भांडायची. सांगलीत बसलेली आई आणि इथे ही, दोघी तासभर एकमेकींना ऐकायच्या नाहीत. मला ते भांडण हवं होतं. हँडबॉल सुरू झालं की ते हळूहळू बंद पडणार, हे मला त्या ट्रॅममध्ये लख्ख दिसलं.

घरी हेमंतने ऐकून घेतलं. हेमंत म्हणजे माझा नवरा, शांत माणूस. तो म्हणाला, "दोन दिवसांत विसरेल ती. तू समजाव ना तिला."

"काय समजावू?"

"हेच की आपल्याकडे असं असतं."

"आपल्याकडे म्हणजे कुठे? घरी तर भांडी तू घासतोस."

"घरचं वेगळं. मंडळात कसं दिसेल ते?"

त्याचं काही खोटं नव्हतं. आमचे सगळेच पुरुष असे. मूल झालं की सहा-सहा महिने रजा काढायची, बाबागाडी ढकलत गावभर हिंडायचं, दुपट्यांच्या घड्या घालायच्या. ऑफिसातल्या स्वीडिश बायकांना मोठं कौतुक. आणि हेच गुणी बाळ मंडळाच्या हॉलमध्ये शिरलं, बूट काढून कुर्ता सारखा केला, की पाटावर बसायला मोकळं. पहिली पंगत पुरुषांची आणि मुलांची, मग त्यांचे पाहुणे, आणि सगळ्यांचं आटपलं की आम्ही बायका. कोणी तसा नियम केलेला नव्हता. केलाच नव्हता, त्यामुळे मोडायचा कसा तेही कळत नव्हतं.

पण मी सांगलीची आहे. एकदा मनात घेतलं की मला रात्रभर थांबवत नाही. मी लगेच श्रीनिवास देवस्थळींना फोन लावला. अध्यक्ष म्हणून माणूस गोड. कोणाला तोंडावर नाही म्हणणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

"यंदा मुलगे आणि पुरुष वाढतील," मी म्हटलं. "आणि पहिली पंगत बायकांची आणि मुलींची."

ते हसून म्हणाले, "अहो वैजयंतीताई, एवढंच ना? मग आपण बुफेच ठेवू. पंगत कशाला? ज्याचं त्याने घ्यावं, कोणाचा कोणाला त्रास नाही. मी कधीपासून म्हणतोच आहे."

खरं सांगते, क्षणभर मला ते पटलं. सोपं होतं. जुईही खूश झाली असती. पण डोळ्यांसमोर फळ्यावरचं ते खडूचं पान आलं.

"बुफे नको," मी म्हटलं. "पंगतच पाहिजे. पानाला पान लावून, सगळं जिथल्या तिथे. फक्त वाढणारे हात बदलायचेत."

"मग काकूंना विचारा," ते म्हणाले. "काकू हो म्हणाल्या तर माझी ना नाही."

काकू हो म्हणणार नाहीत याची त्यांना पुरती खात्री होती. मलाही होती. तरी दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या दारात जाऊन उभी राहिले.

काकूंनी कॉफी केली. आधी अण्णांचा कप त्यांच्या खुर्चीपाशी नेऊन दिला, बशीत दोन चकल्या ठेवल्या, मग आम्ही दोघी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसलो. माझं सगळं बोलणं त्यांनी ऐकलं.

"बायका मागाहून जेवतात तर त्यात बिघडलं काय?" त्या म्हणाल्या. "पुरुषांची उठबस झाली की दार लोटून आपण बसतो, हसतो, खिदळतो. तुला नाही आवडत?"

"आवडतं," मी म्हटलं, आणि ते खरंच होतं. त्या शेवटच्या पंगतीत जेवढी मी हसले तेवढी या देशात कुठेच हसले नाही.

"मग? आणि बायका आधी बसल्या तर वाढणार कोण? हे? आमटी पानभर करतील. वाढणं म्हणजे नुसतं ओतणं नाही, वैजू. वाकायचं कसं, पळी पानाला न लावता भात कसा सोडायचा, कोणाचं काय संपलंय ते न विचारता कसं ओळखायचं... हे शिकायला माझी अर्धी हयात गेली."

"म्हणून तर, काकू. एवढी मोठी विद्या, आणि आपण ती निम्म्याच मुलांना देतोय."

"विद्या म्हणे," त्या पुटपुटल्या, पण त्यांना ते आवडलं होतं.

"जुई सोडून चाललीये," मी म्हटलं. "शाळाही आणि गणपतीही. सगळं यायला लागल्यावर सोडून चाललीये."

काकूंनी कप खाली ठेवला. बाहेर अण्णांचा रेडिओ चालू होता.

"माझी माधवीही असंच म्हणाली होती," त्या म्हणाल्या. "एवढीच होती तेव्हा. मला वाटलं, राग आहे, जाईल."

"मग?"

"मग काही नाही. माल्मोला असते. चांगलं चाललंय तिचं. नातवंडं मला हाक मारतात ती स्वीडिशमध्ये. गोड मारतात, पण स्वीडिशमध्ये."

काकूंनी उठून ओटा पुसायला घेतला. तो आधीच स्वच्छ होता.

"शनिवारी-शनिवारी शिकून त्या मुलांना काही यायचं नाही," त्या माझ्याकडे पाठ करूनच म्हणाल्या. "उद्यापासून रोज संध्याकाळी पाठव. त्यांच्या बापांनाही पाठव. आणि एक सांगून ठेवते. मी पहिल्या पंगतीला बसेन. पण एक जरी पान चुकलं, तर मी उठेन आणि माझ्या हाताने वाढेन. मग पुन्हा हा विषय काढायचा नाही."

"नाही काढणार," मी म्हटलं.

ते दोन आठवडे आमच्या गॅरेजमध्ये जे चाललं त्याला शिकवणं म्हणावं की कवायत, मला अजून ठरवता आलेलं नाही. काकू स्टुलावर बसायच्या. जमिनीवर वर्तमानपत्राचे कागद पानांसारखे मांडलेले असायचे. भाताच्या जागी ओली वाळू, आमटीच्या जागी पाणी. पूल आणि बोगदे बांधणारे इंजिनियर हातात पळी घेऊन कमरेत वाकायचे आणि काकू म्हणायच्या, "गुडघ्यात नाही, कमरेत. तुझा कुर्ता त्याच्या चटणीत गेला बघ." हेमंतच्या वाट्याला भात आला. तो मूद अशी पाडायचा की काकूंनी एकदा नुसतं "हं" केलं, आणि तो घरी येऊन मला ते तीनदा सांगत होता. शार्दूल पहिल्या दिवशी आईच्या धाकाने आला, नंतर स्वतःहून यायला लागला. त्याचा हात हलका होता. मिठाची चिमूट त्याच्याइतकी नेमकी कोणालाच सोडता यायची नाही.

देवस्थळी स्वतः काही आले नाहीत. त्यांना खूप काम होतं.

जुई गॅरेजच्या दाराशी येऊन बघायची. आत कधी आली नाही. गणपतीच्या आदल्या दिवशी मी विचारलं, "येशील ना?"

"येईन बघायला. पण मी भांडं उचलणार नाही."

"नको उचलूस. तुला पंगतीला बसायचंय."

"आणि काकूआजी उठल्या तर?"

"तर पुढच्या शनिवारी मी तुला हँडबॉलला नेऊन सोडेन," मी म्हटलं. तिला फसवायचं नाही, एवढं मी ठरवलं होतं.

गणपतीच्या दिवशी सकाळपासून काकू आणि आम्ही बायकांनी मोदक वळले. उकडायचे आणि वाढायचे पुरुषांनी, असं ठरलेलं. आरती झाली, नैवेद्य झाला, पानं मांडली गेली, आणि मग कळलं की खरी अडचण पुरुषांची नव्हतीच. बायका बसेनात. "तुम्ही व्हा पुढे, मी आलेच." "एवढी पातेली बघते आणि येते." "आधी लहान मुलांचं होऊन जाऊ दे की." एकीने तर साडीचा पदर खोचून विळी पुढ्यात घेतली होती, चिरायला काही नसताना. शेवटी मी एकेकीचा हात धरून ओढत आणलं. काकू आल्या त्या सरळ येऊन रांगेच्या सुरुवातीला बसल्या. त्यांच्या शेजारी जुई, जुईशेजारी मी.

पुरुष भिंतीशी रांगेने उभे होते, लग्नात मुलीकडची मंडळी उभी असतात तसे. मग मीठ निघालं.

काकू मान न हलवता, फक्त डोळ्यांनी, पूर्ण रांग तपासत होत्या. मीठ वर, मध्यावर. लिंबू डावीकडे. चटणी, कोशिंबीर, लोणचं, एकापाठोपाठ एक. भाजी उजवीकडे, आमटीची वाटी तिच्यापाशी, थेंब न सांडता. हेमंतची मूद पुढ्यात येऊन बसली, तिच्यावर वरण, वरणावर तूप. श्लोक म्हटला. पान चुकलं नव्हतं. एकही नाही. मी निर्धास्त होऊन भात कालवला.

मग शार्दूल मोदकांचं ताट घेऊन निघाला. मोदक थेट चाळणीतून काढलेले, वाफ दिसत होती. तो काकूंपुढे वाकला.

"मोदक?"

"नको रे, मला नको," काकू म्हणाल्या.

"बरं," शार्दूल म्हणाला आणि पुढे सरकला.

जुईने एक घेतला. मीही सवयीने "राहू दे, पुरे" म्हणून गेले, आणि माझ्याही पानावरून ताट पुढे गेलं. पलीकडच्या सुमेधाने हात आडवा धरला. तिच्या पलीकडच्या दोघींनी नुसती मान हलवली. शार्दूल प्रत्येकीला एकदा विचारत होता आणि उत्तर ऐकून नम्रपणे पुढे जात होता. त्याच्या मागून भाजी घेऊन आलेला तसाच. भातवालाही तसाच. नको म्हणजे नको, हे इथल्या मुलांच्या अंगात बालवाडीपासून भिनवलेलं असतं, आणि ते चांगलंच आहे. त्यांना दोष कसा देणार? गॅरेजमध्ये आम्ही त्यांना सगळं शिकवलं, फक्त आग्रह शिकवायचं कोणाच्या ध्यानात आलं नाही. तो आपल्याला कोणी शिकवलाच नव्हता, तो आपसूक आला होता.

शार्दूल रांगेच्या टोकाला पोहोचला तेव्हा ताट जवळजवळ भरलेलंच होतं. पंगतीत बोलणं बंद झालं. बायका उरल्यासुरल्या भातात बोटं फिरवत, एकमेकींच्या पानांकडे चोरून बघत बसल्या होत्या.

देवस्थळी दाराशी उभे होते. ते माझ्याजवळ येऊन वाकले आणि हळू आवाजात, अगदी समजुतीने म्हणाले, "बघितलंत, वैजयंतीताई? नुसतं बसवून काय होणार? बायकांचं मन यात नाहीच. कोणाला भूकसुद्धा नाही."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण त्यांना खोडून काढायला माझ्याकडे काय होतं? माझ्याच पानावर मोदक नव्हता.

काकूंनी डावा हात जमिनीवर टेकला. त्या उठत होत्या. मी जुईच्या मागून हात लांब करून त्यांचं मनगट धरलं.

"पान चुकलं नाहीये, काकू."

"पान नाही चुकलं," त्या म्हणाल्या, "पण पंगत उपाशी उठेल, त्याचं काय? सोड मला. अशी बसलेली नाही बघवत."

"आजी," जुई म्हणाली, "पण तुम्ही नको म्हणालात."

"तसं म्हणायचं असतं गं."

"का?"

काकू तिच्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं, आता त्या काहीतरी चिमटा काढतील आणि सगळे हसतील, त्या शनिवारी झालं तसं. पण त्या आपल्या पानातल्या मोदकाच्या रिकाम्या जागेकडे बघत होत्या.

"तुम्हाला खरंच नको होता?" जुईने विचारलं. ती भांडत नव्हती. तिला खरोखर जाणून घ्यायचं होतं.

काकूंनी हात जमिनीवरून उचलला आणि पुन्हा नीट मांडी घातली.

"शार्दूल," त्यांनी हाक मारली. आवाज मोठा होता, वर्गातला. "इकडे ये."

शार्दूल घाबरून धावत आला. "माझं चुकलं का, आजी?"

"तुझं काही चुकलं नाही. मघाशी मी नको म्हटलं ते खरं नव्हतं. मला मोदक हवा आहे. वाढ."

त्याने ताट पुढे केलं. काकूंचं बोट आपोआप कडेच्या एका मोदकाकडे गेलं, उकडताना फुटला होता तो. "हा दे."

"हा नको," शार्दूल म्हणाला. "हा फुटलाय. हा मी नंतर खाईन." आणि त्याने मधला, कळीदार नाकाचा मोदक उचलून त्यांच्या पानात ठेवला.

तूप वाढणारा मागे आला. काकूंनी मोदक फोडला. पूर्ण पंगत बघत होती, दाराशी देवस्थळी बघत होते, भिंतीशी उभे असलेले आमचे इंजिनियर बघत होते. काकूंनी कोणाकडे पाहिलं नाही. सावकाश खाल्ला, बोटं पुसली.

"अजून एक," त्या म्हणाल्या.

मग माझंही धाडस झालं. "मलाही," मी म्हटलं. सुमेधा म्हणाली, "मघाशी माझंही राहिलंच, इकडे आण रे." तिच्या पुढची, तिच्या पुढची, रांगेभर तेच सुरू झालं. मला दोन वाढ. भात आण, थोडा नाही, चांगला. तूप कुठे गेलं? पुरुषांची धावपळ उडाली. चाळणीमागून चाळणी रिकामी व्हायला लागली, हेमंतच्या कपाळावर घाम आला, आणि देवस्थळींना बाह्या सरसावून आमटीचं भांडं उचलावं लागलं. त्यांना ते धरताही येत नव्हतं. काकूंनी बसल्या जागेवरून सांगितलं, "कमरेत वाका." ते वाकले.

पंगत उठली. आम्ही हात धुऊन आलो तोवर हॉल झाडून दुसरी पानं मांडली होती. पुरुष, मुलगे आणि अण्णा बसत होते. काकूंनी पदर खोचला. ते मी गृहीतच धरलं होतं. त्यांना कोण अडवणार? पण जुई माझ्याकडे आली.

"आई, मी वाढू का?"

"तू भांडं उचलणार नव्हतीस ना?"

"तेव्हा फक्त मुलींनी उचलायचं होतं," ती म्हणाली. "तूप मी घेते. शार्दूल तूप फार कमी वाढतो."

मी तिला तुपाचं भांडं दिलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते मी काही लपवलं नाही. जुईने बघितलं, आणि "अगं आई" म्हणून वैतागून पुढे गेली.

अण्णा रांगेत पहिले होते. दरवर्षी असायचे, फक्त यंदा त्यांची पंगत दुसरी होती. काकूंनी त्यांच्या पानात मोदक वाढला. अण्णांनी तो हातात घेतला, जरासा दाबून पाहिला. मग मोदकाच्या फुटलेल्या कडेवरून बोट फिरवलं आणि मान वर केली. त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती, नुसतं आश्चर्य होतं.

"कुसुम, मोदक गार आहेत गं."

"हो," काकू म्हणाल्या. "मागाहून बसलं की गारच असतात."

काकू पुढच्या पानाकडे गेल्या. मग अण्णांनी तो मोदक हळूच फोडला, आणि जुईने वाकून, कमरेत वाकून, त्यावर तूप वाढलं.